मोजमाप राजघाटावर, शहाणपण सुरतेला?

तापीचे पाणी बऱ्हाणपुरात किती चढले, याची चौकशी सुरतेत आपल्याइतक्याच, कदाचित आपल्याहून अधिक काळजीने होते, असे आम्ही म्हटले तर काही वाचकांना ते खरे वाटणार नाही. पण वस्तुस्थिती तशी आहे. केंद्रीय जल आयोग आपल्या जिल्ह्यात देडतलाई आणि बऱ्हाणपूर येथे नदीची पातळी मोजतो. पुढे भुसावळ, गिधाडे, सारंगखेडा अशी ठाणी ओलांडत हे आकडे उकाई धरणापर्यंत पोचतात. धरणात किती पाणी येणार, दारे केव्हा आणि किती उघडायची, खाली सुरत शहराला सावध केव्हा करायचे, याचा हिशेब या आकड्यांवर बसतो. म्हणजे येथून साडेतीनशे किलोमीटर दूर असलेले शहर आपल्या नदीच्या मोजमापावर शहाणे होते. चांगली गोष्ट आहे! कोणाचा तरी जीव वाचतो. परंतु ज्या गावात मोजमाप होते, त्या गावाला त्यातून काय कळते?

हा प्रश्न विचारण्याचे कारण असे की, नैसर्गिक आपत्तींचा अभ्यास आता जगभर एका वेगळ्या पद्धतीने होऊ लागला आहे. पूर्वी अभ्यासक अभ्यास करीत, सरकार हुकूम काढी आणि लोक सोसत. आता आपत्तीचा अभ्यास करणारे, आपत्तीत धावून जाणारे आणि आपत्ती सोसणारे या तिघांनी एकत्र बसून प्रश्न ठरवायचा, उत्तरही मिळून शोधायचे, अशी रीत पडू लागली आहे. वणवा असो, पूर असो की वादळ, ही रीत सर्वांना लागू पडते. बऱ्हाणपूरला ती फार आधीच लागू व्हायला हवी होती, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम आपल्या नदीचा स्वभाव पाहू. तापी मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून समुद्राला मिळते. त्यांपैकी २८२ किलोमीटर मध्यप्रदेशात, २२८ महाराष्ट्रात आणि २१४ गुजरातेत. आपल्या राज्यातील प्रवासातले ५४ किलोमीटर तर दोन राज्यांच्या सीमेवरच आहेत. एका काठावरचा पटवारी हिंदीत लिहितो आणि समोरच्या काठावरचा तलाठी मराठीत. मेळघाटातील सिपना, गाडगा, खंडू, खापरा, डोलार या साऱ्या नद्या तापीलाच येऊन मिळतात. याचा अर्थ असा की, पाऊस अमरावती जिल्ह्यात पडतो आणि पाणी आपल्या राजघाटाच्या पायऱ्या चढते. सातपुड्याचा उतार तीव्र आहे, पाण्याला थांबायला जागा नाही, आणि डोंगरातून सुटलेली नदी सपाटीवर येते ती आपल्याच परिसरात. सप्टेंबर २०२३ मध्ये सातपुड्यात मुसळधार पाऊस झाला तेव्हा तापी आणि नर्मदा या दोन्ही नद्यांना एकाच वेळी मोठे पूर आले. तिकडे नर्मदेने भरूच-अंकलेश्वर बुडवले, इकडे तापीने काठच्या वस्त्यांची झोप उडवली.

आता सुरतेकडे पाहू, कारण पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईच्या जलाशयात पाण्याचा लोंढा आला, धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. तान्ह्या मुलांना दूध मिळेना, वीज नाही, टेलिफोन नाही, हिऱ्याचे कारखाने आणि कापड-बाजार चिखलाने भरलेले. धरणातले पाणी आधी का सोडले नाही, यावर पुढे बरेच वाद झाले. वाद होणारच. परंतु सुरतकर वादावर थांबले नाहीत, हे महत्त्वाचे. पुढील काही वर्षांत तेथील महानगरपालिका, व्यापारी संघटना, सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचे अभ्यासक, जलसंपदा खाते आणि जल आयोग हे सारे एका कामासाठी एकत्र आले. वरच्या खोऱ्यातील पाऊस आणि पातळी यांवरून पूर आधीच ओळखायचा आणि त्याची खबर शेवटच्या घरापर्यंत पोचवायची, असे ते काम. त्यासाठी त्यांनी बाहेरच्या जगातील संस्थांचे साह्यही घेतले. या कामात वरचे खोरे म्हणजे कोण? आपणच. पण आपल्याकडचा फक्त आकडा सहभागी होतो. माणूस होत नाही.

नदीची पातळी आज गुप्त राहिलेली नाही, हे आम्ही मान्य करतो. जल आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये मोबाईलवर पाहता येईल अशी पूरसूचनेची सोयही केली आहे. इशारा-पातळी कोणती, धोका-पातळी कोणती, आज पाणी कोठे आहे, हे घरबसल्या कळते. परंतु मीटरमधील आकड्यावरून नागझिरी घाटावरच्या पुजाऱ्याला काय समजावे? सतियारा घाटाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या विणकराने यंत्रमागाची मोटर केव्हा उचलून ठेवावी? नदीकाठच्या केळीच्या बागेतला पंप शेतकऱ्याने कोणत्या घडीला सोडवून आणावा? आपल्या आजोबांच्या वेळी लोक विचारीत, पात्रातला दगडी हत्ती बुडाला का? त्या एका प्रश्नात सारे उत्तर होते. हत्ती ओला झाला की कोणी काय करायचे, हे ज्याचे त्याला ठाऊक असे. मीटरचा आकडा त्याहून हजारपट अचूक आहे यात शंका नाही. पण त्याचा गल्लीच्या भाषेत तर्जुमा झालेला नाही. तो तर्जुमा दिल्लीचा अभियंता एकटा करू शकत नाही आणि घाटावरचा माणूसही एकटा करू शकत नाही. दोघांनी एकत्र बसावे लागेल.

आणखी एक गोष्ट. पूर नेहमी समोरून येतो असे नाही. उतावली आणि मोहना या आपल्या दोन नद्या तापीला मिळतात. मोठी नदी फुगली की लहान नदीचे पाणी तिच्यात शिरू शकत नाही. ते मागे फिरते आणि नाल्यानाल्यांतून वस्तीत घुसते. राजघाटावर उभे राहून पूर पाहणाऱ्याला हे दिसत नाही. ज्याच्या घरामागे नाला आहे त्याला मात्र ते पाठ असते. अशा माणसाची माहिती एखाद्या नकाशावर उतरली आहे काय? त्याला कोणी विचारले आहे काय? संशोधन, संशोधन म्हणतात ते यापेक्षा फार वेगळे नाही.

पण पूर हा अर्धाच विषय झाला. उरलेला अर्धा फाल्गुन-चैत्रात डोंगरावर पेटतो. आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग जंगलाचा आहे. साग, सालई, धावडा, अंजन यांचे हे पानझडीचे जंगल. होळीच्या सुमारास जमिनीवर वाळल्या पानांची गादी पसरते आणि एका ठिणगीचे काम उरते. वन खाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ वणव्याचा धरते. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाने टिपलेल्या आगींची खबर राज्यांना देते, आणि मध्यप्रदेशाच्या वन खात्याने तर ही खबर थेट बीटगार्डच्या मोबाईलवर पाठवण्याची व्यवस्था बऱ्याच आधी केली. नोव्हेंबर २०२० ते जून २०२१ या एका हंगामात आपल्या राज्यात उपग्रहाने ४७,७९५ वेळा आग टिपली. ओडिशाखालोखाल देशात आपला दुसरा क्रमांक! क्रमांक मिळाल्याचा आनंद मानावा अशी ही स्पर्धा नव्हे.

उपग्रहाला आग दिसते, आगीचे कारण दिसत नाही. तो ठराविक वेळी डोक्यावरून जातो. मधल्या वेळेत लागलेली आणि विझलेली लहान आग त्याला कळतही नाही. कारण माहीत असते ते खालच्या माणसाला. मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. तेंदूला नवी पालवी लवकर यावी म्हणून आग लावतात. गवत चांगले फुटावे म्हणून लावतात. कोणी विडीचे थोटूक टाकतो. आणि कोणी जमीन मोकळी करून बळकावण्यासाठी मुद्दाम जाळतो. ही पाच कारणे एकाच मापाने मोजता येणार नाहीत. मोह वेचणारी कोरकू बाई आणि जंगल तोडून शेत काढणारी टोळी यांना एकाच कलमाखाली आणणे हा न्याय नव्हे. नेपानगर भागातील घाघरल्याच्या जंगलात २०२२-२३ मध्ये झाडांची जी कत्तल झाली, तिच्याविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांत आदिवासी स्वतः पुढे होते, हे आपण विसरू नये. मोहाच्या झाडाखाली जाळी बांधून फुले झेलण्याचा प्रयोग राज्यात काही ठिकाणी झाला आहे. फूल स्वच्छ मिळते, भाव जास्त मिळतो आणि काडी लावण्याची गरज उरत नाही. धमकीने जे साधत नाही ते कधी कधी एका जाळीने साधते. पण त्यासाठी आधी विचारावे लागते की, बाई, आग का लावावी लागते?

आता वणवा आणि पूर यांची सांगड घालू. वाळलेला पाला ही जंगलाची गोधडी असते. पावसाचा पहिला मारा ती अंगावर झेलते, पाणी मुरू देते, माती धरून ठेवते. एप्रिल-मे मध्ये ती जळाली की जूनचा पहिला जोरदार पाऊस उघड्या मातीवर पडतो. पाणी मुरण्याऐवजी धावते आणि माती घेऊन धावते. ती माती नाल्यात, नाल्यातून तापीत आणि पुढे भुसावळजवळच्या हतनूर धरणात जाते. १९८२ च्या या धरणातील गाळाचा प्रश्न जळगाव जिल्ह्यात वर्षानुवर्षे गाजतो आहे. म्हणजे सातपुड्यात पेटलेली काडी, राजघाटावरचे गढूळ पाणी आणि हतनूरचा गाळ या तीन बातम्या वेगवेगळ्या नव्हेत. पण आगीचे खाते वेगळे, नदीचे खाते वेगळे. धरण महाराष्ट्राचे, वरचे जंगल कुठे मध्यप्रदेशाचे तर कुठे मेळघाटचे. वणव्याला सीमेचा दगड दिसत नाही, आणि आपल्या कचेऱ्यांना त्या दगडापलीकडचे काही दिसत नाही!

या बाबतीत ऑस्ट्रेलियाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. आपल्यातील काही घरांची मुले मेलबर्न-सिडनीकडे स्थायिक झाली आहेत. त्यांच्या फोनवरून तिथल्या आगींच्या बातम्या आपल्या घरात येत असतात. त्या देशाने २००३ मध्ये वणव्यांच्या अभ्यासासाठी एक सहकारी संशोधन केंद्र उभे केले. विद्यापीठे, अग्निशमन दले, वन आणि जमीन खाती व सरकारे यांनी त्यात पैसा, माणसे आणि माहिती एकत्र घातली. अभ्यासाचा विषय प्राध्यापकाच्या आवडीने ठरायचा नाही, आग विझवणाऱ्याच्या गरजेने ठरायचा, हे त्याचे वैशिष्ट्य. दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, वणव्याच्या जोडीला पूर, चक्रीवादळ, भूकंप हेही विषय घेतले गेले, कारण धावून जाणारी माणसे तीच आणि घाबरणारी माणसेही तीच. २०२१ पासून हे काम एका राष्ट्रीय संशोधन संस्थेकडे आहे.

या पद्धतीची खरी परीक्षा ७ फेब्रुवारी २००९ रोजी झाली. त्या शनिवारी व्हिक्टोरिया राज्यात वणव्यांनी १७३ माणसांचा बळी घेतला. आगी शांत होताच अभ्यासकांची पथके जळालेल्या गावांत गेली. शेकडो घरांतील लोकांशी त्यांनी सविस्तर बोलणे केले. तुम्हाला केव्हा कळले? कोणी सांगितले? तुम्ही काय केले? त्यातून एक कटू गोष्ट पुढे आली. धोका आहे हे पुष्कळांना ठाऊक होते; तरी ते 'बघू, अजून जवळ आलेला नाही' म्हणून थांबले आणि निघाले तेव्हा वाट उरली नव्हती. इशारा कानावर पडणे वेगळे आणि पाय उचलणे वेगळे. आपल्याकडे पूर आला की लोक मुलाबाळांसह पुलावर पूर बघायला जातात. माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच! हा स्वभाव गृहीत धरून सूचना कशी द्यावी, हाच तर अभ्यासाचा विषय आहे. पुढे तिथल्या धोक्याच्या पायऱ्याही बदलल्या. सप्टेंबर २०२२ पासून देशभर एकच सोपी श्रेणी लागू झाली आणि प्रत्येक पायरीवर माणसाने काय करायचे, तेही तिच्यात सांगितले गेले. आपल्या जुन्या दगडी हत्तीचेच हे नवे रूप म्हणायचे.

तिथली आणखी एक गोष्ट आम्हाला मोलाची वाटते. उत्तर ऑस्ट्रेलियातील आदिवासी पिढ्यान् पिढ्या कोरड्या हंगामाच्या आरंभी, गवतात अजून ओल असताना, थोडे थोडे जाळत. त्यामुळे पुढे मोठा वणवा भडकत नसे. गोऱ्या सरकारने हे ज्ञान दीर्घकाळ अडाणीपणा म्हणून मोडीत काढले. आता त्याच आदिवासींबरोबर बसून शास्त्रज्ञ ती पद्धत शिकत आहेत. आपला सातपुडा आणि तो गवताळ प्रदेश एक नव्हेत. तिथले जसेच्या तसे येथे करावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण कोरकू, बारेला, भिलाला यांच्याकडे आगीविषयी काही ज्ञान असेल, एवढे मानायला तरी आपल्या सुशिक्षितांनी तयार व्हावे.

यावर कोणी म्हणेल की, ऑस्ट्रेलिया श्रीमंत देश आहे, त्यांना हे परवडते. येथे नाल्यांची सफाई वेळेवर झाली तरी पुष्कळ. आम्ही म्हणतो, बऱ्हाणपूरच्या माणसाने तरी असे बोलू नये! १६१५ मध्ये अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात याच गावाने सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भुयारांतून शहरात आणले. विद्या इराणची, पैसा सुभेदाराचा, हात येथल्या कारागिरांचे. कुंडी भंडारा हे संयुक्त संशोधन नव्हे तर काय? आणि त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांतच, १६३०-३२ च्या दख्खनच्या भीषण दुष्काळात, हेच शहर भुकेलेल्यांच्या लंगरांचे शहर झाले. आपत्ती या गावाला नवी नाही आणि अक्कलही नवी नाही.

शिवाय संशोधनाला नेहमी पैसाच लागतो असेही नाही. पुणे विद्यापीठाचे प्राध्यापक विश्वास काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाचे व्हिक्टर बेकर यांच्याबरोबर तापी आणि नर्मदा यांच्या खडकाळ घळींतील गाळाचा अभ्यास केला. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या पुरात गढूळ पाणी घळीच्या आडोशाला, ओहोळांच्या मुखाशी संथ होते आणि तेथे गाळाचा एक थर सोडून जाते. पुढचा मोठा पूर दुसरा थर टाकतो. या थरांचे वय काढले की, ज्या पुरांची नोंद कोणत्याही कचेरीत नाही, त्यांचीही हकीकत वाचता येते. पूर मोजण्याच्या सरकारी नोंदी काही दशकांच्या. नदीने स्वतः लिहिलेल्या नोंदी शेकडो वर्षांच्या. एक मराठी माणूस आपल्याच नदीचे हे दप्तर उलगडतो, आणि आपल्याला त्याचे नावही माहीत नसते.

येथे आपल्या समाजाचा प्रश्न येतो. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले. पेशवाईत आणि पुढे शिंदेशाहीत येथे स्थिरावलेली घराणी आज आपल्या मंडळात आहेत. अनेकांच्या माळ्यावर मोडीतील दप्तरे आहेत, जमाखर्चाच्या वह्या आहेत, शेतसाऱ्याच्या सुटीचे अर्ज आहेत. कोण्या आजोबांनी पंचांगाच्या समासात लिहिलेले असते, 'आज पाणी अमुक दरवाजापर्यंत आले.' कोणाच्या वाड्याच्या भिंतीवर पाण्याची खूण असते, लग्नाच्या जुन्या फोटोत मागे भरलेला घाट असतो. हे सारे आपण अडगळ म्हणून दर दिवाळीला रद्दीवाल्याकडे देतो. वाचकहो, ही अडगळ नव्हे, हा पुरावा आहे! नदीच्या गाळाचा थर 'मोठा पूर आला' एवढेच सांगतो. आपल्या आजोबांची ओळ दिवस, गल्ली आणि नुकसान सांगते. दोन्ही जुळले की अभ्यासकाच्या हाती सोने लागते. आणि राजघाटाच्या कुठल्या पायरीला कुठल्या मोहल्ल्याने सामान हलवावे, हे त्यातूनच ठरवता येते.

दुसरीही एक गोष्ट फक्त आपणच करू शकतो. आपली सोयरीक रावेर, भुसावळ, जळगाव, अमरावतीला, काही घरांची सुरतेलाही. आपण मध्यप्रदेशचे नागरिक आहोत, हिंदीत अर्ज लिहितो, आणि महाराष्ट्र शासनाचा मराठी आदेश दुभाष्याविना वाचतो. दोन राज्यांच्या खात्यांमध्ये जी भिंत आहे, तिच्यात खिडकी पाडायची तर त्या खिडकीशी बसायला आपल्याहून योग्य कोण? सीमेवर राहण्याचे तोटे आपण पिढ्यान् पिढ्या मोजले. एकदा त्याचा उपयोगही करून पाहू.

संधीही चालून आली आहे. १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे मध्यप्रदेश आणि महाराष्ट्र या दोन राज्यांनी तापी खोऱ्याच्या महापुनर्भरण योजनेचा करार केला. खाऱ्या-गुटीघाट येथे बंधारा, दोन्ही काठांनी कालवे आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या भुसभुशीत पट्ट्यात पाणी जिरवणे, अशी ही योजना. तिचा खर्च एकोणीस हजार कोटींच्या वर सांगितला गेला. बऱ्हाणपूर, नेपानगर, खकनार या आपल्या तहसिलींची नावे तिच्यात आहेत. योजनेच्या गुणदोषांवर, बुडणाऱ्या जमिनीवर आणि विस्थापनाच्या भीतीवर स्वतंत्र चर्चा झाली पाहिजे. तेथील आदिवासींचे म्हणणे ऐकून न घेता पुढे जाणे आम्हाला मान्य नाही. पण पाणी वाटून घेण्यासाठी दोन राज्ये एका मेजावर बसू शकतात, तर पाण्याची आणि आगीची खबर वाटून घेण्यासाठी का बसू शकत नाहीत?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एक, मुलताईपासून सुरतेपर्यंतच्या खोऱ्यासाठी पूर आणि वणवा यांचा एकत्र अभ्यास करणारा कायम स्वरूपाचा गट तीन राज्यांनी नेमावा. त्यात जल आयोग, दोन्ही बाजूंची वन खाती, भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था, सुरतेची तंत्रज्ञान संस्था, जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ यांबरोबर घाटावरचे आणि वनग्रामातले प्रतिनिधी असावेत. पाहुणे म्हणून नव्हे, सभासद म्हणून. दोन, राजघाटासह सर्व घाटांवर आणि उतावली-मोहनेच्या काठी, लांबून दिसतील अशा रंगीत पट्ट्या असाव्यात. कोणत्या रंगाला कोणत्या वस्तीने काय करायचे, ते हिंदी, मराठी आणि उर्दूत लिहावे. तीन, वणव्याच्या हंगामाआधी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या बीटगार्डांची आणि वन समित्यांची संयुक्त बैठक व्हावी, जाळरेषा एकमेकांना जुळवून काढाव्यात आणि मोहाच्या जाळ्या गावांना द्याव्यात. चार, प्रत्येक पुरानंतर आणि मोठ्या वणव्यानंतर पंचनाम्याबरोबर एक अभ्यासही व्हावा. पंचनामा नुकसान सांगतो. पुढच्या वेळी नुकसान कसे टळेल, हे तो सांगत नाही.

मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो पार्षद होऊ इच्छिणारा असो की विधायक, हे चार प्रश्न विचारा. पक्ष कोणता, याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. पाणी घरात शिरताना पक्ष विचारीत नाही. जात आणि धर्म तर नाहीच. काठावर आपला वाडा असेल, शेजारी मोमीन विणकराचे घर असेल. दोघांच्या उंबऱ्याची उंची सारखीच असते.

आणि मागणी करून स्वस्थ बसणे हा आपला स्वभाव असेल, तर तोही या निमित्ताने सोडू. मंडळाच्या कार्यालयात एक वही उघडली आहे. आपल्या घरातील पुराच्या, वणव्याच्या, दुष्काळाच्या नोंदी, भिंतीवरील खुणा, फोटो, वडीलधाऱ्यांच्या आठवणी तिच्यात लिहा. शक असो, संवत असो, फसली सन असो, जसे आहे तसेच लिहा; बदलू नका. मूळ कागद घरीच ठेवा, छायाप्रत द्या. मोडी वाचणारे जे थोडे लोक उरले आहेत त्यांनी आठवड्याचे दोन तास मंडळाला द्यावेत. घरातील तरुणांनी ही वही संगणकावर उतरवावी. पुढचा पावसाळा येण्याआधी हे काम एवढे तरी व्हावे की, जो कोणी अभ्यासक बऱ्हाणपुरात येईल त्याला आपण रिकाम्या हाताने परत पाठवणार नाही, आणि आपल्याला वगळून त्याला आपल्या नदीवर लिहिताही येणार नाही.

— संपादक मंडळ